शेजवानात नाही ते बांगड्यात आहे

आमच्या मालवणात संध्याकाळ झाली की जेट्टीच्या रस्त्याला चायनीजच्या गाड्या लागतात. लाल बोर्ड, बोर्डावर ड्रॅगन आणि स्पेलिंग प्रत्येक गाडीचं वेगळं, शेजवान, सेझवान, शेझुआन, ज्याच्या पेंटरच्या मनात आलं तसं. पोरं ट्रिपल राईस मागवतात, ओठ लाल करून घरी जातात. मी पण खातो आणि मला ते आवडतं, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर खालचं वाचून लोक म्हणायचे की जहाजावर जाऊन आला आणि शहाणपणा शिकवायला लागला.

मी जहाजावर कुक. मर्चंट नेव्ही म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पांढरा युनिफॉर्म येतो, माझा युनिफॉर्म म्हणजे अ‍ॅप्रन आणि गॅलीतला घाम. क्रू सगळ्या देशांचा मिक्स असतो, त्यामुळे कामाची भाषा इंग्लिश, आणि पोर्टला शोअर लीव्ह मिळाली की हेच इंग्लिश घेऊन सगळे बाहेर पडतात. चीनच्या पोर्टात ते गँगवे उतरेपर्यंत चालतं, गेटच्या बाहेर त्याचा काही उपयोग नाही.

एका जहाजावर आमचा चीफ इंजिनियर स्कॉटलंडचा होता. घरी असला की दर शुक्रवारी चायनीज टेकअवे, लहानपणापासूनची सवय, त्यामुळे छिंगताओला उतरलो तेव्हा तोच पुढे आणि आम्ही मागे, कारण चायनीज खाण्यातला जाणकार तोच ना. हॉटेलात बसल्या बसल्या त्याने तोंडपाठ नावं म्हणून दाखवली, चाऊमेन, चॉप सुई, वाँटन, बॉक चॉय, आणि ऑर्डर घ्यायला आलेली मुलगी नुसती हसत उभी. त्याला वाटलं आपला उच्चार चुकतोय म्हणून त्याने तेच परत मोठ्याने म्हटलं (हे सगळे गोरे करतात, मोठ्याने बोललं की भाषा कळते असं त्यांना का वाटतं देव जाणे).

भानगड अशी आहे की इंग्लिशमध्ये जी चायनीज खाण्याची नावं आहेत त्यातली बरीचशी कँटनीज, म्हणजे दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांतातली. अमेरिकेला रेल्वेच्या आणि सोन्याच्या खाणीच्या कामाला गेले ते त्या बाजूचे लोक, ब्रिटनमध्ये टेकअवे काढले ते पुष्कळसे हाँगकाँगचे, मग नावं पण त्यांचीच गेली. उत्तरेकडच्या पोर्टात मँडरिन चालते, तिथे चाऊमेन म्हणजे छाओम्येन, वाँटन म्हणजे हुनथुन, बॉक चॉय म्हणजे पायत्साय, डिमसम म्हणजे त्येनशिन. चॉप सुई तर बहुतेकांना माहीतच नाही, ती अमेरिकेत जाऊन मोठी झालेली डिश. म्हणजे हा माणूस आयुष्यभर ज्याला चायनीज म्हणून ओळखत होता ते चीनमध्ये येऊन विचारलं तर कोणी ओळख दाखवेना. आमच्याकडे कोणी चाकरमानी 'मला मालवणी चिकन मसाला पॅकेटवाला आवडतो' म्हणाला की आये कशी बघते, साधारण तसंच त्या मुलीने बघितलं.

मग त्याने मेनू घेतला. त्यावर रोमन अक्षरं होती, पिनयिन म्हणतात त्याला, १९५८ मध्ये चीन सरकारने काढलेली पद्धत, पण ती काही इंग्रजांच्या सोयीसाठी काढलेली नाही. क्यू म्हणजे छ, एक्स म्हणजे श, सी म्हणजे श्वास सोडून म्हटलेला त्स. एका शब्दाचं स्पेलिंग सी-ए-आय असलेलं बघून चीफ बोट ठेवून 'काय? काय?' करत बसला आणि मला क्षणभर वाटलं हा मराठी शिकला की काय. तो शब्द खरा त्साय, भाजी किंवा डिश.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली ती कुठल्या पुस्तकात वाचली नाही पण सांगतो. आपल्याला हे इंग्रजांपेक्षा सोपं जातं. आपल्याकडे दोन च आहेत, चहातला वेगळा आणि चमच्यातला वेगळा, आणि पिनयिनचा झेड जवळजवळ चमच्यातलाच च आहे. प आणि फ, त आणि थ, क आणि ख, हे आपण बालवाडीत वेगळे काढतो, इंग्लिशवाल्याला तो फरक ऐकूच येत नाही, आणि चिनी भाषेत सगळा खेळ त्या फरकाचाच, बी लिहिलेला असतो तो खरा प आणि पी लिहिलेला तो ओठातून हवा सोडून म्हटलेला प. बेइजिंग लिहितात ते ऐकायला पेइचिंगच येतं.

सूर मात्र कोणालाच सोपे नाहीत. चीफला सूप हवं होतं. थांग, सरळ वरच्या सुरात म्हटलं की सूप, आणि सूर वर चढवत म्हटलं की साखर. इंग्लिश माणूस सभ्यपणे काही मागताना शेवट वर नेतो, प्रश्न विचारल्यासारखा, 'थांग?' असं. त्यामुळे जेवढा तो नम्र होत गेला तेवढी साखरच येत गेली, छोट्या पुड्या, एक झाली, दुसरी आली. मी शेजारी बसून त्याच चढत्या सुरात 'चा?' म्हटलं आणि लगेच चहाची किटली आली, कारण त्या शब्दाचा सूरच वर चढणारा आहे. आमच्या घरात आयशी-बापाशीने आयुष्यभर 'च्या' म्हटलं ते असं कामाला आलं. चीफचं 'टी' पण चिनीच बरं का, पण ते शियामेनच्या बाजूचं, तिथे 'ते' म्हणतात, डच जहाजांनी ते तिकडून युरोपात नेलं. पोर्तुगीज मकाववरून 'चा' घेऊन गेले. कोणाचं जहाज कुठल्या बंदरात लागलं यावर जगातली चहाची बरीच नावं ठरली.

मेनूच्या इंग्लिश भाषांतराबद्दल तर बोलायलाच नको. 'नवरा-बायकोच्या फुफ्फुसाचे काप' ही सछ्वान प्रांताची प्रसिद्ध डिश आहे, बीफ आणि वजडीचे पातळ काप लाल तेलात, जे जोडपं विकायचं त्यांच्या नावाने. 'मुंग्या झाडावर चढतायत' म्हणजे शेवयांना चिकटलेला खिमा. आणि 'लैंगिक आयुष्य नसलेली कोंबडी' म्हणजे कोवळी कोंबडी, आपल्याकडे तलंग म्हटलं की विषय संपतो. २००८ च्या ऑलिम्पिकच्या आधी पेइचिंगच्या सरकारी लोकांनी बसून डिशेसची नीट इंग्लिश नावं काढली, त्यामुळे आता ही मजा कमी झाली.

छिंगताओत शेवटी जेवण बोटानेच ठरलं. बाहेर टबात जिवंत माल ठेवलेला असतो, दाखवायचं आणि तो चिन्यांच्या कढईत जातो. टबात तिसऱ्या! त्यांना तिथे काला म्हणतात, सुकी मिरची, आलं, लसूण आणि मोठी आग, दोन मिनिटांत शिंपले उघडून प्लेटीत. खोबरं नाही हे खटकलं, पण माल ताजा होता. बरोबर बियर, ती तिथे प्लास्टिकच्या पिशवीत मिळते, वजनावर, आपल्याकडे पिशवीत सांबार बांधून देतात ना तशी हलत हलत लोक घरी नेतात. बियरची कंपनी १९०३ ची, जर्मन आणि इंग्रज लोकांनी मिळून काढलेली.

आता मुद्द्याची गोष्ट. त्याच गावात मागच्या गल्लीत एक सछ्वानवाल्यांचं हॉटेल होतं, म्हणजे आपल्या बोर्डावरचं ते शेजवान. तिथे मापो तोउफू मागवला, लाल तेलात तोउफूचे म्हणजे टोफूचे चौकोन, वर खिमा, वर तपकिरी पूड. पहिला घास नुसता तिखट. दुसऱ्या घासाला ओठांच्या कडा झिणझिणायला लागल्या, मग जिभेचं टोक गेलं, आणि मग नाकात तो वास आला, लिंबाच्या सालीचा आणि ओल्या लाकडाचा एकत्र. मी घास तोंडात तसाच ठेवून थांबलो. हा वास मला माहीत होता. भांड्यात चॉपस्टिकने शोधून एक टरफल काढलं, बारीक, लालसर, दोन फाकांत उकललेलं, आत पिवळट गुळगुळीत, बी काढून टाकलेली.

तिरफळ! आमच्या बांगड्याच्या तिखल्यातलं तिरफळ.

म्हणजे अगदी तेच झाड नव्हे, पण सख्खं चुलत भावंड, दोघांचं कूळ एकच, झँथोझायलम. लिंबाच्या मोठ्या खानदानातलं. दोन्हीकडे झाडाला काटे, दोन्हीकडे काळी बी फेकायची कारण ती वाळूसारखी दातात येते, आणि टरफल ठेवायचं. चिनी लोक त्याला ह्वाचिआओ म्हणतात. इंग्लिशमध्ये सिचुआन पेपर, आणि तो ना मिरी ना मिरची, पण इंग्लिशमध्ये तोंडाला लागेल ते सगळं पेपर. चीफने पण मिरी समजूनच चमचाभर पूड वर घेतली आणि मग अर्धा तास त्याला बियर पाण्यासारखी लागत होती. अमेरिकेत तर १९६८ पासून २००५ पर्यंत हे टरफल आयात करायला बंदी होती, लिंबूवर्गी झाडांचा कँकर रोग त्यातून येईल म्हणून. म्हणजे तिथल्या सछ्वान हॉटेलांत इतकी वर्षं त्याशिवायच (किंवा चोरून) सछ्वान चाललं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकांनी २०१३ मध्ये प्रयोग करून काढलं की ओठांची ती झिणझिण साधारण ५० हर्ट्झच्या कंपनासारखी जाणवते. चीफला नंतर सांगितलं तर म्हणाला, म्हणजे घरातल्या सप्लायची फ्रिक्वेन्सी. इंजिनियर माणूस.

चिनी लोक तिखटाचे दोन वेगळे हिशेब ठेवतात, ला म्हणजे मिरचीची आग आणि मा म्हणजे ही झिणझिण, आणि सछ्वानचं खाणं म्हणजे दोन्ही एकत्र. आपल्या गाडीवरच्या शेजवानात फक्त ला आहे. भिजवून वाटलेली बेडगी नाहीतर काश्मिरी मिरची, भरपूर लसूण, आलं, व्हिनेगर, सोया सॉस, थोडी साखर. चटणी चांगली आहे, पण ज्या प्रांताचं नाव लावलंय त्याची खूण त्यात नावालाही नाही. मंचुरियनचं तर विचारूच नका, तो मुंबईचा, १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी केला असं सांगतात, मंचुरियाला त्याचा पत्ता नाही.

मी तिकडून ह्वाचिआओचं पाकीट घेऊन आलो. आयेने उघडून वास घेतला.

"झिला, ही तिरफळांच मां? चीनवरसून तिरफळां हाडलंस? हय परड्यात कमी होती काय?"

तरी तिने बांगड्यात घालून बघितली. आपली पद्धत वेगळी आहे, तिरफळ तेलात तळायचं नाही, वाटणात वाटायचं पण नाही, कडू होतं, नुसतं किंचित ठेचून रस उकळताना टाकायचं आणि खाताना बाजूला काढायचं. त्याचं काम बांगड्याचा, तारल्याचा तो तेलकट उग्र वास मारायचा. पापलेटात कोणी घालत नाही, गरजच नाही. ह्वाचिआओ घातलेलं तिखलं चाखून आये म्हणाली, "वास बरो आसा, पण जीभ मेली माजी." माझं मत पण तेच. त्यांची झिणझिण जास्त आणि वास फुलासारखा, नारळाच्या रसाशी तो भांडतो. आपलं तिरफळ उग्र आहे पण खोबऱ्यात मुरतं. उलट आपलं तिरफळ मी गॅलीत मापो तोउफूत टाकून बघितलं तर फार वाईट झालं नाही, फक्त दुप्पट टाकावं लागलं आणि फिलिपिनो बोसनने विचारलं की यात औषध घातलंय का.

या वेळी सुट्टीवर आलो तेव्हा सुकवलेल्या तिरफळांची पुडी घेऊन जेट्टीवरच्या गाडीवर गेलो. गाडी आमच्या गाववाल्याची, पण कढई मारणारा पोखऱ्याकडचा नेपाळी, बरीच वर्षं इथेच आहे, मालवणीत शिव्या देतो इतका इथलाच झालाय. म्हटलं बघ रे हे जरा. त्याने एक फाक दाताखाली धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "दादा, ये तो टिमुर है."

टिमुर! त्यांच्याकडे पण आहे, डोंगरात, त्याच कुळातलं तिसरं झाड, टोमॅटोच्या अचारात वाटून घालतात. रात्री घरी स्वतःसाठी अचार करताना तो बाजारातून तिरफळंच नेतो, असं पण सांगितलं. म्हणजे अख्ख्या जेट्टीवर शेजवानची खरी चव कशी लागते हे ज्याला माहीत आहे तो माणूस रोज रात्री त्याशिवायचं शेजवान शंभर लोकांना घालतोय. मी म्हटलं मग घालत का नाहीस, तर हसायला लागला. म्हणे गिऱ्हाईकाची जीभ बधिर झाली तर प्लेट माझ्या तोंडावर मारेल, म्हणेल तेल खराब आहे, आणि मालक माझा पगार कापेल. बरोबर आहे त्याचं, लोक लाल रंगाचे पैसे देतात.

माझ्यासाठी मात्र आता वेगळी प्लेट मारतो. तिरफळं मी घेऊन जायची, बी काढलेली, बारीक कुटलेली, आणि रेट ट्रिपल शेजवानचाच.