खरे आकडे सांगणारा माणूस

ज्यांच्या हाताखाली मी निवडणूक सल्लागाराचे काम शिकलो, ते सर गेल्याची बातमी काल पहाटे आली. हृदयविकाराचा तीव्र झटका आला आणि उपचार मिळण्यापूर्वीच सगळे संपले, एवढेच त्यांच्या घरून कळले. आदल्या रात्री उशिरापर्यंत ते प्रचार कार्यालयात बसून मतदारयाद्या तपासत होते. मतदान अगदी तोंडावर आले असताना ते नाहीत, हे मन अजून मानायला तयार नाही.

निवडणूक सल्लागार म्हटला की पडद्याआडून डावपेच रचणारा, पैसे मिळतील त्याचा प्रचार करणारा माणूस लोकांच्या डोळ्यांसमोर येतो, आणि असे लोक या व्यवसायात आहेत हे नाकारण्यात अर्थ नाही. क्लेम व्हिटेकर आणि लिओनी बॅक्स्टर यांनी १९३३ मध्ये कॅलिफोर्नियात केवळ प्रचारमोहिमा चालवण्यासाठी कंपनी काढली, तेव्हापासून या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येत गेले. पुढे याच जोडीने सरकारी आरोग्यविम्याच्या योजनांविरुद्ध लोकांच्या मनात भीती पेरणारा प्रचारही केला. सर हा इतिहास नव्या मुलांपासून कधी लपवत नसत. भीती विकायला फारशी अक्कल लागत नाही, असे ते म्हणत, आणि निनावी पत्रकाचा विषय कोणी काढला तर उठून निघून जात.

मला त्यांची सर्वांत मोठी ताकद वाटली ती वेगळीच. एका सर्वेक्षणात आमचा उमेदवार दोन टक्क्यांनी पुढे दिसला, तेव्हा आपलीच हवा आहे म्हणून कार्यालयात जल्लोष सुरू झाला. सरांनी तक्ता पुढे ओढला, ‘अजून ठरवलेले नाही’ या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि उमेदवाराला समजावले, की हजार जणांच्या नमुन्यात प्रत्येकाचा आकडा साधारण तीन टक्के इकडे किंवा तिकडे सरकू शकतो, म्हणून या दोन टक्क्यांना आघाडी समजून चालणार नाही, आणि कुंपणावर बसलेल्या या मतदारांकडे आपल्यापैकी कोणी अजून फिरकलेलेसुद्धा नाही. उमेदवाराचा चेहरा उतरला. तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे, असे त्याने जरा चिडूनच विचारले. ‘तुमच्या बाजूचा आहे, म्हणूनच सांगतो आहे,’ एवढेच सर बोलले आणि दुसऱ्या दिवसाच्या घरभेटींची यादी करायला बसले. नेत्याभोवती होयबांची गर्दी जमायला वेळ लागत नाही. त्या गर्दीत बसून, पुढचे काम हातचे जाण्याची पर्वा न करता असे बोलायला जे धैर्य लागते, ते मी फार थोड्या माणसांत पाहिले आहे.

आज सारखी पॉल टली यांची आठवण येते आहे, कारण त्यांच्याविषयी मी प्रथम सरांकडूनच ऐकले होते. अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाचे हे राजकीय संचालक १९९२ च्या सप्टेंबरमध्ये, ऐन प्रचाराच्या धामधुमीत, लिटल रॉक येथे अचानक वारले. वय अवघे ४८. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बिल क्लिंटन ३७० निर्वाचक मते (अध्यक्ष ठरवणारी, राज्यांना वाटून दिलेली मते) मिळवून अध्यक्षपदी निवडून आले. ज्या विजयासाठी टली राबले, तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. विजयी भाषणात सल्लागाराचे नाव आले काय आणि न आले काय, सरांना त्याचे कधीच काही वाटले नाही. मला मात्र वाटते. मतमोजणीच्या रात्री ते कोपऱ्यात बसून एकेका मतदान केंद्राचे आकडे आपल्या अंदाजाशी ताडून पाहत, आणि अंदाज कुठे चुकला हे सापडले की आनंदाच्या गलक्यातही आम्हाला बोलावून दाखवत. त्यातून मी जे शिकलो, ते दुसरीकडे कुठे शिकायला मिळाले नसते.

ताज्या सर्वेक्षणाचे तक्ते संध्याकाळी माझ्याकडे आले. उद्याच्या बैठकीत ते मलाच मांडायचे आहेत. आकडे चांगले नाहीत, उमेदवाराला ते आवडणार नाहीत, आणि मी ते जसे आहेत तसेच वाचून दाखवणार आहे.