तुम्ही विचारलंत म्हणून: कॅल्शियमची गोळी कुठली घेऊ?

काकू, गोळीचं मला खरंच कळत नाही, डॉक्टरांना विचारा. माझी पीएचडी कॅल्शियमवर आहे पण हाडांच्या नाही. पेशीच्या आत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण 10 हजार पट कमी असतं आणि ते तसंच राहावं म्हणून पंप सतत उपसा करत असतात, थोडं बाहेर, थोडं आतल्या कोठारात, कारण जास्त वेळ वाढलेलं राहिलं तर पेशी मरते. कोठारातला साठा उतरला की तिथल्या स्टिम-1 नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं कॅल्शियम सुटतं, मग हे स्टिम पेशीच्या बाहेरच्या पडद्याजवळ गोळा होतं आणि त्या पडद्यातलं ओराय-1 नावाचं दार उघडतं. बास, एवढ्यावर माझी सहा वर्षं गेली.

आणि त्यातले चार महिने पाण्यात, अगदी शब्दशः. कॅल्शियम नसलेल्या बफरमध्ये, म्हणजे क्षारांच्या द्रावणात, पेशी ठेवायच्या, थॅप्सिगार्गिन नावाचं रसायन टाकून कोठाराचा पंप बंद करायचा, पेशीतल्या कॅल्शियमचा ग्राफ चढतो आणि खाली येतो. माझा खालीच येईना. मी ठरवून टाकलं की पेशीत दुसरं गुप्त कोठार आहे, पोस्टरसुद्धा छापून आणलं. सरांनी ते बघून एवढंच विचारलं, "ईजीटीए किती घातलंस?" हे रसायन द्रावणातलं उरलंसुरलं कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि मी ते घातलंच नव्हतं. कॅल्शियम टाकलं नाही म्हणजे ते नाहीच, असं मी धरून चालले होते. इकडे लॅबच्या पाणी शुद्ध करायच्या मशीनचं कार्ट्रिज संपलेलं, कॅल्शियम पाण्यातूनच येत होतं आणि तेच ओरायच्या दारातून आत शिरत होतं.

आता तुम्ही म्हणाल चूक तुझीच. हो, पण कार्ट्रिज बदलायचं काम माझं होतं का? तेव्हा मी सरांवर चिडले होते, आधी का नाही विचारलंत म्हणून. आज वाटतं की मी आधी दाखवलंच कुठे होतं, आणि दुसऱ्या दिवशी परत सरांचाच राग येतो.

सिडनी रिंगर या इंग्लिश डॉक्टरचंही असंच झालं होतं. 1882 मध्ये त्याने छापलं की बेडकाचं हृदय कॅल्शियम न घातलेल्या सलाईनवर चालतं, मग कळलं की ते सलाईन लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेलं, आणि 1883 मध्ये त्यातूनच हृदयाला कॅल्शियम लागतं हे निघालं. त्याच्या चुकीतून शोध लागला, माझ्या चुकीतून चार महिन्यांचा कचरा.

पोस्टर आईने कपाटाच्या खणात अंथरलंय, छापलेली बाजू वर.