आमची वाटचाल : सोसायटीच्या मॉडेलपासून जुन्या विमानांपर्यंत

२०११ साली नारायण पेठेतल्या एका वाड्यात, खालच्या दोन खोल्यांत मी आणि माझ्या मावसभावाने काम सुरू केलं. तेव्हा फक्त बिल्डर लोकांची मॉडेल्स करायचो, सोसायटीचं गेट, स्विमिंग पूल, स्पंजची झाडं. आजही भाडं आणि पोरांचे पगार त्यातूनच निघतात, पण लोक आता आम्हाला विमानवाले म्हणून ओळखतात.

भावाला शाळेपासून बाल्साची, म्हणजे अगदी हलक्या लाकडाची, विमानं करायचा नाद. त्याने एक टायगर मॉथ, म्हणजे जुनं दोन पंखी ट्रेनर विमान, करून दारात टांगलेलं, ते बघून एक ताई आत आल्या. वडील एअरफोर्समधून रिटायर झालेले, पंच्याहत्तरी जवळ आलेली, आणि हे काका ज्या विमानावर उडायला शिकले त्याचंच मॉडेल त्यांना द्यायचं होतं. विमान एचटी-२. बंगलोरला बनलेलं ट्रेनर, १९५१ ला पहिल्यांदा उडालं, आणि डिझाइन कुणाचं तर डॉ. वि. मा. घाटगे यांचं, आपल्या कोल्हापूरकडचे, जर्मनीत प्रांटल या विमानशास्त्रातल्या मोठ्या शास्त्रज्ञाकडे शिकून आलेले. हे वाचलं तेव्हा आम्ही ठरवलंच की हे काम सोडायचं नाही.

पंखांची लांबी १०.७२ मीटर, १:२४ स्केलला ४४.७ सेंटीमीटर, म्हणजे शोकेसमध्ये नीट बसेल असं. नेटवर रंगीत फोटो मिळाले, बाजूचं ड्रॉइंग मिळालं, दोन महिने खपून केलं. काकांनी हातात घेतलं, चष्मा वर केला, पंखावरून बोट फिरवलं आणि नाकापाशी थांबले. म्हणाले, "बेटा, छान केलंय, पण हे माझं विमान नाही."

आणि त्यांचं बरोबर होतं. ते शिकले साठच्या दशकात, तेव्हा एचटी-२ ला सिरस मेजर इंजिन, १५५ हॉर्सपॉवरचं, चार सिलिंडर एकामागे एक आणि तेही उलटे, म्हणून नाक अरुंद. नंतर काही विमानांना लायकमिंग बसवलं, त्यात सिलिंडर दोन इकडे दोन तिकडे आडवे, त्यामुळे नाक रुंद होतं. आमचे फोटो या नंतरच्या विमानाचे होते! पहिल्या प्रोटोटाइपला तर जिप्सी मेजर होतं, म्हणजे एकाच विमानाची तीन इंजिनं, आणि आम्ही साल विचारलंच नव्हतं.

मग काकांनी अल्बम काढला. काडेपेटीच्या दुप्पट असेल एवढा फोटो, कडा कातरलेल्या, विमानापुढे ते आणि दोन मित्र. तो १२०० डीपीआयला स्कॅन केला, काकांची उंची माहीत होती त्यावरून नाकाची उंची मोजली, एक्झॉस्टचा पाइप कुठून बाहेर येतो ते भिंगाने बघितलं. फोटोत जे जवळ ते मोठं दिसतं, त्यामुळे पंखाच्या टोकावरून कधीच माप घ्यायचं नाही, माणूस ज्याला टेकून उभा आहे त्याच भागाचं घ्यायचं. नाक फायरवॉलपासून, म्हणजे इंजिनामागच्या आडव्या भिंतीपासून, कापून नवीन बसवलं, जादा पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून आमचा नियम : कुठलं साल, कुठला तळ, शेपटीवर नंबर काय, हे कळल्याशिवाय बाल्साला ब्लेड लावायचं नाही.

रंगाचा घोळ तर याहून मोठा. एका घरातून १९३० च्या दशकातल्या वापिटी या एअरफोर्सच्या दोन पंखी विमानाचा फोटो आला, चाकांच्या झाकण्या काळ्याकुट्ट. आपण काळा रंग मारून मोकळे झालो असतो, पण जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसत नाही, लाल काळा येतो, पिवळा गडद, निळा फिका. मग बघायचं कुठे, तर राउंडेलमध्ये, म्हणजे विमानावरच्या एअरफोर्सच्या गोल खुणेत. मधला लाल गोल बाहेरच्या निळ्या कड्यापेक्षा गडद असेल तर फिल्म ऑर्थो समजायची. इथे तसंच होतं आणि झाकण्यांची छटा त्या लाल गोलाशी जुळत होती. त्याच विमानाचा दुसऱ्या, लाल दिसणाऱ्या फिल्मवरचा फोटो त्यांच्या आत्याकडे सापडला, त्यात झाकण्या करड्या, मग लालच केल्या.

म्युझियममधलं विमान बघायलाच हवं, दिल्लीला पालमच्या एअरफोर्स म्युझियममध्ये जगातली एकमेव उरलेली वापिटी आहे, कापड कसं ताणलंय, तारा कुठे अडकवल्यात हे तिथेच कळतं. पण रंग मात्र तिथून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण म्युझियमची विमानं नंतर पुन्हा रंगवलेली असतात.

वाडा रीडेव्हलपमेंटला गेल्यावर आम्ही धायरीला शेड घेतली, आता सहा जण आहोत. रविवारी सकाळी भाऊ अजून जुन्या बाजारात जातो, जुनी मासिकं, सुटे फोटो, मिळेल ते उचलतो.

तुमच्या घरी कुणाचा असा अल्बम असेल तर रद्दीत देऊ नका, फोटो चिकटवलेले असतील तर ओढून काढू पण नका, तसाच आणा. आम्ही तुमच्यासमोर स्कॅन करतो आणि लगेच परत देतो. फोटोची मागची बाजू दिसत असेल तर तीही स्कॅन करतो, तारीख बहुतेक वेळा तिथेच लिहिलेली असते.