आमची वाटचाल : क्षार आणि पॉलिमर एकाच बाटलीत

इलेक्ट्रोस्पिनिंगच्या, म्हणजे उच्च विद्युतदाबाने द्रावणाची बारीक धार ओढून तंतू काढण्याच्या, पद्धतीने पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे (पॉलिमरचे) अतिसूक्ष्म तंतू काढून त्यांच्या गाळणचादरी तयार करणे, हा आमचा छोटा उद्योग आहे. सुरुवातीच्या चादरींमध्ये तंतूंवर जागोजागी मणी येत. द्रावणात थोडा क्षार घातला की विद्युतवाहकता वाढते, धार अधिक ताणली जाते आणि मणी घटतात, हे आम्हाला ठाऊक होते. पण पाण्याला दूर लोटणारे पॉलिमर आणि पाण्याचा सोस असलेला क्षार एकाच द्रावकात कसे सामावायचे, याचे उत्तर शोधण्यात आमचा बराच काळ गेला.

टोल्युइन या द्रावकात पॉलिस्टायरीन सहज विरघळे, लिथियम क्लोराइड हा आमचा क्षार मात्र तळाशी जसेच्या तसे पडून राही, कारण सुमारे २.४ इतका कमी डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभारांमधील ओढ कमी करण्याच्या क्षमतेचे माप) असलेला द्रव आयनांना एकमेकांपासून अलग ठेवू शकत नाही. मग आम्ही केवळ या आकड्यामागे लागलो, आणि ती चूक ठरली. ॲसिटोनायट्राइल आणि डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या दोन्ही द्रावकांचा स्थिरांक ३७ च्या आसपास आहे; तरीही पहिल्यात लिथियम क्लोराइड जेमतेम विरघळते आणि पॉलिस्टायरीन विरघळतच नाही, तर दुसऱ्याचा ऑक्सिजन लिथियमला धरून ठेवतो आणि पॉलिमरही त्यात मोकळे होते. स्वस्त म्हणून आणलेले साधे मीठ मात्र डीएमएफमध्येही विरघळले नाही. क्षाराची निवड द्रावकाइतकीच महत्त्वाची असते, हे तेव्हा उमगले.

डीएमएफ १५३ अंशांना उकळते, म्हणून तंतू ओलेच पडून एकमेकांना चिकटत. त्यासाठी ६६ अंशांना उकळणारे टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) हे लवकर उडून जाणारे द्रावक मिसळू लागलो. त्यात स्फोटक पेरॉक्साइड साचते, म्हणून उघडलेल्या प्रत्येक बाटलीची वेळोवेळी चाचणी करतो.

एकदा संध्याकाळी काचेसारखे स्वच्छ असलेले द्रावण सकाळी दुधाळ झाले. क्षार बाहेर पडला की पॉलिमर, हे कळेना. थोडा नमुना काढून त्यात टोल्युइनचे थेंब टाकले, तर गढूळपणा निवळला. म्हणजे साका पॉलिमरचा होता, कारण क्षार असता तर तो टोल्युइनने वाढला असता. दोष डब्यातल्या लिथियम क्लोराइडचा होता. हवेतले पाणी शोषून ते ओलसर झाले होते, आणि तेच पाणी पॉलिमरला द्रावणाबाहेर ढकलत होते. तेव्हापासून क्षार निर्वात ओव्हनमध्ये कोरडा करून आधी डीएमएफमध्ये पूर्ण विरघळवतो, मग टीएचएफ घालतो आणि पॉलिमर सर्वांत शेवटी, ढवळत ढवळत, थोडेथोडे सोडतो. रात्रभर स्वच्छ राहिलेले द्रावणच यंत्रावर चढते.

डीएमएफ त्वचेतून शरीरात शिरते आणि यकृताला अपाय करते, ही आमची खरी चिंता आहे. पर्याय म्हणून डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) हे द्रावक वापरून पाहिले. क्षार लगेच विरघळला, पॉलिस्टायरीनचे दाणे मात्र तसेच राहिले. त्यामुळे सध्या हे काम धूरशोषक कपाटातच आणि डीएमएफ आणि टीएचएफ या दोन्ही द्रावकांना टिकणारे हातमोजे घालूनच चालते, आणि नव्या द्रावकांच्या चाचण्या सुरू आहेत.