लायटरची धून

मे महिन्यातली दुपार, भुसावळ स्टेशनबाहेरची टपरी. पारा पंचेचाळीसच्या घरात. सुटी संपवून निघालेला एक फौजी काळ्या ट्रंकेवर बसून पेट्रोलचा लायटर घासतोय. ठिणगी पडते, ज्योत येत नाही. टपरीवाला काडेपेटी पुढे सरकवतो, "राहू दे भो."

खानदेशच्या उन्हाळ्यात पेट्रोलचा लायटर ही नुसती हौस. न पेटवताही झाकणाच्या फटीतून पेट्रोल उडतं, पाच-सहा दिवसांत आतला कापूस कोरडा. नुसती वात काळी पडली असेल तर चिमट्यानं दोन-तीन मिलिमीटर वर ओढायची, जळका शेंडा कापायचा. ठिणगीच पडत नसेल तर बुडाचा स्क्रू काढून चकमकीचा खडा बदलायचा. एवढ्यानं भागतं.

पण '‌हम दोनों' (१९६१) हा देव आनंदच्या डबल रोलचा युद्धकाळातला सिनेमा पाहिलेल्याला लायटर म्हटलं की वाजणाराच आठवणार. जयदेवची ती इवलीशी धून, आणि पाठोपाठ रफी-आशाचं निरोप लांबवणारं गाणं. अशा लायटरच्या पोटात पिनांचा एक लहानसा रूळ असतो, समोर पोलादी फणी. चावी दिली की रूळ फिरतो, पिना दात छेडतात. एक फेरा जेमतेम पंधरा-वीस सेकंदांचा. चावी उतरत आली की धून रेंगाळते, धूळ बसली तर एखादा सूर गिळते. सिनेमातला मात्र कधी अडखळत नाही. कसा अडखळेल? तो वाजतो रेकॉर्डिंग स्टुडिओत.

डबल रोल पाहताना काहींची नजर चेहऱ्यावर नसतेच, ती मधली रेघ शोधत असते. संगणक नव्हते तेव्हाची रीत अशी: कॅमेरा पक्का जखडायचा, भिंगापुढची अर्धी बाजू काळ्या पट्टीनं झाकायची, डावीकडचा माणूस चित्रित करायचा. मग फिल्म अचूक तेवढीच मागं गुंडाळायची, पट्टी दुसऱ्या बाजूला, कपडे बदलून तोच नट उजवीकडे. समोर कुणी नसताना त्याच्या वाक्यापुरतं थांबून उत्तर द्यायचं. कॅमेरा केसभर हलला तर जोड दिसतो. मधल्या वेळात ऊन सरकलं तर दोन्हीकडच्या सावल्या जुळत नाहीत. कोपर रेघेपलीकडे गेलं तर तिथंच कापलं जातं. म्हणून अशा दृश्यांत मध्ये हमखास एखादी चौकट नाहीतर खांब उभा. बाकी संवाद पाठमोरा डुप्लिकेट बसवून निभावतात.

सिनेमातले मेजर वर्मा आणि कॅप्टन आनंद, दोघंही देव आनंदच. वर्माला मिशी, आनंदला नाही. प्रेक्षकाला खूण पुरते. खरं तर मिशीपेक्षा खांदे बोलतात. त्या काळच्या फौजेत कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे, मेजरच्या खांद्यावर मुकुट. आणि देव आनंद मेजर झाला की मान जरा कमी हलवतो. ज्याची मान कधी स्थिर राहिली नाही, त्याच्याकडून हे म्हणजे पुष्कळच झालं.

आणि आनंदची आई लीला चिटणीस, वर्माची बायको मास्टर विनायकांची मुलगी नंदा! दोन्ही फौजींची घरं सांभाळली मराठी बायकांनीच. आनंदची प्रेयसी झालेल्या साधनाच्या वाट्याला वाट पाहणं.

२०११ साली याचीच रंगीत आवृत्ती आली. साड्या उठून दिसल्या, धूर मात्र बिघडला. कृष्णधवलमध्ये सिगारेटचा धूर आणि ज्योत या दोनच पांढऱ्या गोष्टी काळोखात हलतात, नजर आपोआप तिकडे जाते. रंगात तीच नजर खिडकीच्या पडद्यावर नि सोफ्यावर भटकते. टीव्हीवर लावायचाच असेल तर रंगाचं बटण शून्यावर आणा.

सिनेमात लढाईनंतर वर्माचं प्रेत सापडलेलं नसतं, नुसतं 'बेपत्ता'. 'गेला' म्हटलं की घर रडून मोकळं होतं. 'बेपत्ता' या शब्दानं ताट वाढायचं की नाही, हेसुद्धा ठरत नाही.

टपरीवर गाडीची घोषणा ऐकू येते. फौजी सिगारेट विझवतो, कोरडा लायटर शर्टाच्या खिशात घालून बटण लावतो आणि ट्रंक उचलतो.