रीमा लागू: पडद्यावरच्या आईपलीकडे

पूर्वाश्रमीच्या नयन भडभडे, म्हणजेच रीमा लागू, यांना अभिनयाचा वारसा रंगभूमीवर काम करणाऱ्या आई मंदाकिनी भडभडे यांच्याकडून मिळाला. ‘पुरुष’सारख्या नाटकाने त्यांचा कस पाहिला. ‘मैंने प्यार किया’ (1989) नंतर मात्र हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांच्यावर आईचा शिक्का मारला. ‘वास्तव’मध्ये (1999) तर त्या स्वतःहून जेमतेम वर्षभराने लहान असलेल्या संजय दत्तच्या आई झाल्या, आणि तरीही स्वतःच्या हाताने मुलावर गोळी झाडणारी ती शांता कुठेही खोटी वाटत नाही. मला स्वतःला त्यांची ‘तू तू मैं मैं’मधली खट सासू अधिक आवडते, कारण सुप्रिया पिळगावकरांशी रंगणाऱ्या त्या जुगलबंदीत त्यांचे विनोदाचे अचूक टायमिंग दिसते, जे चित्रपटांनी फारसे वापरलेच नाही.