इंजिन मागे टाकलं, बस्स?

"त्यात काय एवढं? इंजिन मागे टाकलं, बस्स!" अमेरिकन रेसर डॉन गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या गाडीचा) फोटो बघून भाचा एवढंच बोलला. दिवसभर ते डोक्यातून जाईना.

1970 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिप या शर्यतीच्या ट्रॅकवर या फ्लोरिडाच्या गड्याच्या गाडीचं ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद चाकांना देणारा भाग) फुटलं. तेव्हा इंजिन ड्रायव्हरच्या पुढे, त्यामुळे ते असायचं ड्रायव्हरच्या पायांमध्येच! उजव्या पायाचा पुढचा भाग गेला, गाडीचे दोन तुकडे.

म्हणून त्यानं इंजिन ड्रायव्हरच्या मागे टाकायचं ठरवलं. असं करून बघणारे आधीही होते. पण गाडी सरळ पळेना, स्टिअरिंगला नुसता हात लागला तरी भरकटायची. गार्लिट्सनं स्टिअरिंगच मुद्दाम मंद केलं. चाक भरपूर फिरवा, तेव्हा गाडी जरा वळणार. (हे कुठल्या प्रयोगशाळेत नाही हो, गॅरेजात!) 1971 मध्ये कॅलिफोर्नियातल्याच पोमोनाची शर्यत तो या मागच्या इंजिनाच्या गाडीनं जिंकला.

आधीच्यांनी नाद सोडला. अर्धा पाय गेलेल्यानं का नाही सोडला?